पूर्ववत

माझा अपघात झाला तेव्हा सायकलचा वेग ताशी शून्य किलोमीटर होता. हे मी कुणाला सांगत नाही. आमचा वॉचमन सांगतो. ‘साहेब उभे होते. मग आडवे झाले,’ एवढीच त्याची साक्ष आणि दुर्दैवानं ती शब्दशः खरी आहे.

त्या रविवारी पहाटे कोथरूडहून निघून मी सिंहगडाचा घाट चढलो होतो. उतरताना सगळी अवघड वळणं नीट घेतली, खडकवासल्याला कांदाभजी न खाता पुढे आलो (या संयमाचीही नोंद व्हावी) आणि सोसायटीच्या फाटकाशी थांबलो. मी थांबलो, पण बूट पेडलला अडकलेलेच राहिले. या पेडलची कळ मुळात बर्फावर घसरणाऱ्यांच्या बुटांवरून उचललेली. टाच बाहेर पिळली की पाय सुटतो. असले पेडल वापरून बर्नार इनोनं 1985 ची टूर द फ्रान्स जिंकली. मला फक्त दूधवाल्याला वाट द्यायची होती. पण टाचेला निरोप पोचेपर्यंत मी सायकलसकट, तोडलेल्या केळीसारखा, उजव्या कुशीवर गेलो होतो.

‘मांडीच्या हाडाची मान मोडलीय,’ डॉक्टर म्हणाले. नातेवाइकांना फोन करताना बायकोकडून घाईत पहिले दोन शब्द गळाले. संध्याकाळी साताऱ्याहून मामा आणि आत्या डोळे पुसत पोचले, तर मी मान वळवून वळवून कोण कोण आलंय ते बघत होतो. आत्याला तर फसवणूक झाल्यासारखंच वाटलं. ऑपरेशन करून खुब्यात तीन स्क्रू बसवले. ‘बसवायची जागा जरा खाली झाली,’ असं मत एका मित्रानं माझ्या डोक्याकडे बघत नोंदवलं.

‘तीन महिन्यांत पूर्ववत चालाल,’ असा शब्द डॉक्टरांनी दिला. पूर्ववत! पुण्यात हा शब्द पाणीकपातीच्या बातमीत भेटतो. त्याचा अर्थ ‘उशिरा आणि कमी दाबानं’ असा असतो, हे तेव्हा मला आठवायला हवं होतं.

पहिले सहा आठवडे वॉकर. उजवा पाय जमिनीला नुसता टेकवायचा, भार द्यायचा नाही. मग थोडा थोडा भार. थोडा म्हणजे किती? तर फिजिओनं वजनकाटा मागवला. डावा पाय पाटावर, उजवा काट्यावर, आणि काटा वीस किलोवर येईल इतकंच दाबायचं. मी रोज सकाळी तासभर ते वीस साधत उभा राहायचो. ‘तुमचं वजन वीस दाखवणारी ही एकच पद्धत उरली होती,’ बायको म्हणाली.

भेटायला येणारे शहाळी आणायचे, कांडवेलीचे औषधी गुण सांगायचे आणि शेवटी दबक्या आवाजात विचारायचे, ‘नक्की कुठं पडलात?’ त्यांना घाट हवा असायचा, निदान एखादा ट्रक. मी ‘सिंहगडहून येताना’ असं म्हणून गप्प बसायचो. जाताना खाली त्यांना वॉचमन भेटायचा.

मग काठी आली. उजवा खुबा दुखरा, म्हणून काठी डाव्या हातात. खुब्यावरचा भार त्यानं हलका होतो. पण काठी दुखऱ्याच बाजूला धरायची असते यावर सबंध कोथरूडचं एकमत आहे. ‘अहो, चुकीच्या हातात धरलीय!’ असं मला रोज किमान तिघं सांगायचे. एका गृहस्थांनी तर ती काढून माझ्या उजव्या हातात दिली आणि उपकार केल्याच्या समाधानात निघून गेले. जिन्यावर मात्र कुणाचं काही चालायचं नाही. तिथे फिजिओचा मंत्र होता: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

तीन महिन्यांनी एक्स-रे पाहून डॉक्टरांनी हाड जुळल्याचं जाहीर केलं. दुखणं थांबलं, काठी कोपऱ्यात गेली आणि मी लंगडतच राहिलो.

‘काका, आता का लंगडताय?’ फिजिओनं विचारलं. ती वयानं माझ्या मुलीएवढी.

‘सवय झाली गं.’

‘सवय नाही, आळस. तुमचा नाही, स्नायूचा.’ एका पायावर भार आला की कंबर समतल धरायचं काम खुब्याच्या बाजूचा स्नायू करतो. त्यानं अंग काढून घेतलं की कंबर दुसऱ्या बाजूला कलते आणि तोल सावरायला माणूस धड दुखऱ्या बाजूवर झोकतो. फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदानं हे 1895 मध्येच लिहून ठेवलंय म्हणे. आपल्या लंगडण्याला जर्मन आडनाव आहे हे ऐकून मला फार बरं वाटलं. ‘कुठं पडलात’ला ‘शून्य किलोमीटर’पेक्षा हे उत्तर केव्हाही भारदस्त.

कुशीवर झोपून पाय उचलायचे व्यायाम सुरू झाले आणि सोबत चालण्याची शिकवणी. आधी टाच, मग तळवा, शेवटी अंगठ्यानं रेटा. एका पूर्ण चालीत प्रत्येक पाय साधारण 60 टक्के वेळ जमिनीवर आणि 40 टक्के हवेत असतो. मला हे आधी ठाऊक नव्हतं म्हणूनच पन्नास वर्षं बिनघोर चालता आलं. बँकेत कारकून टक लावून बघत असला की आपलीच सही जुळत नाही, तसं झालं. टाच आठवावी तर हात विसरायचे. हात आठवावेत तर दोन्ही एकदम पुढे जायचे. मुलगी म्हणाली, ‘बाबा, परेडमधून काढून टाकलेल्यासारखे दिसताय.’

सरळ चालायचा नमुना म्हणून मी कमला नेहरू उद्यानात बाकावर बसून लोकांची चाल न्याहाळू लागलो. एक निवृत्त साहेब हरवलेलं नाणं शोधत चालत होते. एक बाई उजवा हात हलवायच्या, डावा पर्ससाठी राखीव. तरुण मंडळींच्या माना मोबाइलनं केव्हाच खाली ओढलेल्या. तासाभरात नमुन्याला घ्यावं असं एकच सापडलं, ते म्हणजे दीड वर्षाचं मूल, आणि तेही चार पावलांवर बसकण मारायचं.

शेवटच्या दिवशी फिजिओनं माझं चालणं मोबाइलवर टिपलं. ‘खुबा एकदम छान, काका. पण मान पुढे आणि डावा खांदा खाली, हे कशामुळे?’

‘अपघातामुळे,’ मी खोल आवाजात म्हणालो.

‘छे!’ बायको म्हणाली. ‘थांब, तुला दाखवते.’

तिनं तिच्या मोबाइलवर आमच्या लग्नाची चित्रफीत लावली. सप्तपदी चालली होती. पुढे मी, हातात हात धरून मागे ती. माझी मान पुढे, डावा खांदा उतरलेला, पावलं चोरीला गेलेली चप्पल शोधत असल्यासारखी. फिजिओ कधी त्या नवरदेवाकडे बघायची, कधी माझ्याकडे.

‘बघ,’ बायको तिला म्हणाली, ‘आणि हे पाहूनही मी मागे चालले.’

डॉक्टरांनी शब्द पाळला होता. मी अगदी पूर्ववत चालत होतो.