सावकाश खाली

म्हैसूरला बोगादीच्या रस्त्यावर कानांसाठी नावाजलेली एक मोठी संस्था आहे, वाक्-श्रवणाची, १९६५ सालची. देशभरातून माणसं तिथे कान तपासून घ्यायला येतात. तिथून हाकेच्या अंतरावर राहणारे माझे दोन मित्र मात्र अगदी गेल्या महिन्यापर्यंत तिकडे फिरकले नव्हते. ‘हाकेच्या अंतरावर’ हे मी सवयीने म्हटलं. या दोघांना हाक ऐकू येत असती तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

दोघेही भद्रावतीच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. एक क्रेनवाले अण्णा, दुसरे भट्टीवाले मेस्त्री. पोरांनी म्हैसुरात घरं बांधली म्हणून हे इथे आले. संध्याकाळी तळ्याजवळच्या बाकावर बसून बाय-टू, म्हणजे दोघांत वाटायची कॉफी तिघांत पितो. तिसरा मी, त्यांच्या लेखी ‘रावरे’. ते एकमेकांच्या कानात काही खासगी सांगू लागले की तळ्यावरचे बगळे उडतात. मेस्त्रींच्या सुनेचं सांबार कसं बिघडलं हे पहिल्यांदा सगळ्या गल्लीला कळतं, सुनेला त्यानंतर.

भद्रावतीचं जुनं नाव बेंकीपूर. बेंकी म्हणजे कन्नडमध्ये विस्तव. (अण्णांच्या मते ते वेंकीपूर, या एका अक्षरावर आमची एक अख्खी कॉफी निवली आहे.) तिथली भट्टी १९२३ साली पेटली. म्हैसूर संस्थानात दगडी कोळसा नव्हता. जंगल मात्र अमाप होतं, म्हणून लाकडाच्या कोळशावर लोखंड वितळवायचं ठरलं. लाकूड बंद भांड्यात तापवायचं, धुरातून स्पिरिट आणि डांबर गाळून घ्यायचं, उरलेला कोळसा भट्टीला द्यायचा. खनिज केम्मणगुंडीच्या डोंगरातून यायचं. सुरुवातीच्या ओढगस्तीच्या काळात कारखाना सांभाळला तो विश्वेश्वरय्यांनी, पुण्यात शिकलेल्या आणि खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणाऱ्या त्याच विश्वेश्वरय्यांनी. त्यांनी तिथली सूत्रं सोडली तेव्हा मेस्त्रींचा जन्मही झाला नव्हता. तरी ते त्यांच्याबद्दल असे बोलतात, जणू साहेब रात्रपाळीला यांच्याकडून तंबाखूची चिमूट मागून नेत असत.

कारखान्यात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे. सगळा कारभार हातांनी चाले. मेस्त्री खाली, अण्णा वर क्रेनच्या केबिनमध्ये, आणि दोघांच्या मध्ये आकड्याला टांगलेली, वितळलेल्या पोलादाने भरलेली लॅडल, सूर्य मावळायला विसरल्यासारखी. तर्जनी वर करून गोल फिरवली की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. एका हाताने खूण करताना दुसरा तळवा त्याच्यापुढे स्थिर धरला की सावकाश. अण्णांनी सव्वीस वर्षं मेस्त्रींना फक्त वरून पाहिलं, हेल्मेटची एक पिवळी टिकली आणि दोन हात. कॉफीवाला पोरगा ट्रे घेऊन येऊ लागला की मेस्त्रींचं बोट अजूनही नकळत खाली वळतं, दुसरा तळवा त्याच्यापुढे येतो, आणि कप बाकावर टेकेपर्यंत अण्णा श्वास रोखून बसतात.

जुन्या सोबत्यांच्या आठवणी निघतात तेव्हा मला खरी मौज वाटते. नावं आठवत नाहीत, कारण नावं कधी लागलीच नव्हती. प्रत्येकाची एक खूण होती. मेस्त्री हवेतल्या मिशीला पीळ देतात आणि अण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. अण्णा मनगटावर दोनदा टिचकी मारतात, म्हणजे सुट्टीच्या भोंग्याआधी फाटकाशी पोचणारा. दोन्ही हातांनी कणीस फिरवलं की निवत चाललेल्या लोखंडावर मका भाजणारा. तो कामात यथातथाच होता, पण वीस मिनिटं सगळे त्याच्याबद्दलच हातवारे करतात. उत्तम कामगारांची एकही खूण मी अजून पाहिलेली नाही. आणि एखाद्या खुणेनंतर मेस्त्रींचा तळवा पालथा होऊन आडवा हलला, की मी पुढे काही विचारत नाही. ती ‘थांब’ची खूण असते.

माझे वडील हरिहरला किर्लोस्करांच्या कारखान्यात लेथ बनवत. तेही घरी मोठ्याने बोलत; आम्हा मुलांना वाटे, बाबा सारखे रागावलेले असतात. ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी, या बाकावर, मला कळलं की ते आमच्याशी नुसतं बोलत होते.

सव्वीस वर्षांची ही जिवाभावाची मैत्री म्हैसूरला आली आणि दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांचं बोलणं ऐकलं. मेस्त्री कन्नड सिनेमातल्या राजकुमारांचे भक्त निघाले, अण्णा विष्णुवर्धनांचे. हे भद्रावतीतच कळलं असतं तर ती लॅडल कित्येक पाळ्या हवेत लटकत राहिली असती. सुदैवाने तोवर कान जाऊ लागले होते.

२०२३ साली कारखान्याची शंभरी भरली. मराठीत शंभरी भरण्याला दुसराही एक अर्थ आहे, तो मी त्यांना सांगितला नाही. त्याच वर्षी जानेवारीत कारखाना बंद करायचा निर्णय झाला होता. (पुढे रोलिंगचं काम थोडंफार पुन्हा सुरू झालं.) बातमी आली त्या संध्याकाळी कुणीच ओरडून बोललं नाही. मेस्त्रींनी दोन्ही हात छातीशी एकमेकांत घट्ट धरले. मला वाटलं नमस्कार करताहेत, म्हणून मीही केला. अण्णांनी माझे हात हळूच सोडवले आणि नीट जुळवून दिले. “नमस्कार नाही, रावरे. माल आहे तिथेच पक्का धर, असं म्हणतोय तो.” बगळे त्या दिवशी जागचे हलले नाहीत.

गेल्या महिन्यात अण्णांच्या मुलाने त्यांना त्या संस्थेत नेलंच. कानाला यंत्र बसलं. घरात कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, नातवाची पाढ्यातली चूक ऐकू येते, ते खूश आहेत. बाकाजवळ आले की मात्र यंत्र काढून रुमालात गुंडाळतात आणि खिशात ठेवतात. तुम्ही कधी या बाजूला आलात तर त्यांना हाक मारू नका. लांबूनच हात वर करा आणि तर्जनी गोल फिरवा. दोघेही एकदम उठून उभे राहतील.