एक कुत्रा, सोबत चार माणसं

अलिबागपासून गुहागरपर्यंत किनाऱ्यावरच्या कॉटेजवाल्यांना फोनवर पूर्वी ठरलेले प्रश्न यायचे. समुद्र किती लांब? मासे ताजे मिळतील ना? गरम पाण्याची सोय आहे का? आता पहिला प्रश्न येतो, ‘आमचा सिंबा चालेल ना?’ सिंबा म्हणजे धाकटं पोर असणार अशा समजुतीने ‘चालेल की, पाच वर्षांखाली फुकट’ असं तोंड भरून सांगणाऱ्या एका काकांच्या अंगणात शनिवारी पस्तीस किलोंचा लॅब्रॅडॉर उतरला. वय वर्षे चार. बोलले होते तसे काका वागले, पण सोमवारी त्यांनी दरपत्रकात एक ओळ वाढवली.

पाठोपाठ नियमावलीही आली. ती बुकिंगबरोबर व्हॉट्सअ‍ॅपवर येते. कुत्र्याने पलंगावर चढू नये, चढल्यास चादरीचे पैसे पडतील. माडांच्या आळ्यांत उकरू नये. कोंबड्यांच्या मागे लागू नये, लागल्यास कोंबडीची किंमत भरावी लागेल (त्याच कोंबडीचा रस्सा हवा असल्यास वेगळा आकार). रात्री दहानंतर भुंकू नये. शेजारच्या खोल्यांत स्पीकर घेऊन आलेल्या ऑफिसच्या ग्रुपला हा शेवटचा नियम लागू नाही. ती माणसं आहेत.

इतकं सगळं मान्य केलं तरी कोकणात पोचायचं कसं हा प्रश्न उरतोच. रेल्वेत कुत्र्याला जवळ ठेवायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आपल्या नावावर हवा. नाहीतर त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातल्या पिंजऱ्यात, आणि सिंबाची मम्मा म्हणते, ‘तो तसा नाहीये हो!’ राहिला मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. कुत्र्याचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं धरलं, तर या रस्त्यावर श्वानांची एक अख्खी पिढी वळणमार्गावर जन्मली, खड्ड्यात ओकली आणि सुधारणा न बघताच देवाघरी गेली. माणसं तेवढी चिवट, अजून निविदेच्या बातम्या वाचतात.

मुंबईकरांची मात्र सोय झाली. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. गाडीसकट बोटीत चढायचं, तासाभरात पलीकडे. गाडीतली बैठकव्यवस्था बघण्यासारखी असते. खिडकी सिंबाला लागते, कारण त्याला गाडी लागते. गाडी आजींनाही लागते, पण त्या बोलून दाखवत नाहीत, म्हणून त्या मधे, मांडीवर सिंबाचं अंथरूण, पायाशी सिंबाचं पिण्याचं पाणी आणि मानेमागे सिंबाचं लाइफ जॅकेट. चार माणसांचे कपडे एका पिशवीत मावतात. थंडीच्या दिवसांत बोटीमागे सीगल पक्ष्यांचे थवे लागतात. ते बघून सिंबा जो सूर लावतो, त्याने आख्खा डेक मागे वळतो. पप्पा खाली वाकून शुद्ध इंग्रजीत त्याची समजूत घालतात. घरात सगळ्यांशी मराठी बोलणारा हा गृहस्थ कुत्र्यापुढेच साहेब का होतो, हे त्या पक्ष्यांनाही कोडं असावं.

खरी गंमत स्वयंपाकघरात. मार्गशीर्षातला गुरुवार पडल्यामुळे मंडळी बटाट्याच्या भाजीवर. सिंबासाठी चिकन.

‘फक्त उकडा हं काकू. मीठ नको, कांदा-लसूण तर अजिबात नको. आणि हाडं काढून.’

‘मीठ पण नको? दुखणाईत आहे का तो, वहिनी?’

‘नाही हो. पोट नाजूक आहे त्याचं.’

काकूंनी पदराला हात पुसले. ‘आमच्यात बाळंतिणीचं पण एवढं बघत नाहीत,’ म्हणाल्या आणि कुकर लावला. आता खरं सांगायचं तर वहिनींचं चूक नव्हतं. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. तो समुद्राचं पाणी प्यायला की ओकतो, जुलाबही होतात, म्हणून किनाऱ्यावर त्याच्यासाठी गोडं पाणी न्यावं लागतं. एवढी माहिती नवऱ्याच्या रक्तदाबाबद्दल असती तर ते तळलेल्या पापडांवर तुटून पडले नसते.

या सगळ्या लाडांचा एक साक्षीदार आवारात असतो. मोती, जात गावठी, मुक्काम चुलीच्या राखेत. त्याने पडवीत पाय ठेवला तर चप्पल बसते. तोच पाय सिंबाने ठेवला की काका ‘या, या’ म्हणतात. मोतीचा अपराध एवढाच की त्याने गूगल पेवरून आगाऊ रक्कम भरलेली नाही. संध्याकाळी किनाऱ्यावर मात्र हिशेब उलटा होतो. तिथे राज्य मोतीच्या टोळीचं. कोळणींच्या टोपल्यांपासून भेळवाल्याच्या गाडीपर्यंत हद्दी ठरलेल्या. फुलाफुलांचा शर्ट घातलेला सिंबा पहिली लाट बघून पप्पांच्या पायांत शिरतो, आणि टोळी लांब बसून शांतपणे खांदे खाजवते.

थोडं मन घट्ट करून एक सांगतो. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी मिळून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी सांभाळली. शंभरेक अंडी वाळूत पुरून मादी समुद्रात परत जाते, ती काही मुक्कामाला राहत नाही. मग ती अंडी जाळीबंद कुंपणात हलवायची, पन्नासेक दिवस राखण करायची. कुणापासून? चोरणाऱ्या माणसांपासून, कोल्ह्यांपासून आणि कुत्र्यांपासून. असं असताना पहाटे पिल्लं सोडायच्या वेळी दोरीपाशी उभं राहून ‘सिंबाला जरा जवळून दाखवू का, रीलमध्ये छान येईल’ असं विचारणारे लोक असतात. तिथल्या पोरांचा संयम खरंच अभ्यासण्यासारखा आहे. नोव्हेंबर ते मार्च या किनाऱ्यांवर रात्री कुत्रा मोकळा सोडू नये, एवढा साधा नियम काकांच्या यादीत मात्र नाही. त्याचे पैसे लावता येत नाहीत ना.

रात्री काय झालं ते वेगळंच. एसी अठरावर, पलंगाशेजारी सिंबाचं अंथरूण, आणि सिंबा दाराशी रडतोय. शेवटी कंटाळून पप्पांनी दार उघडलं. सकाळी बघतात तर साहेब मोतीबरोबर राखेत, शर्टासकट, कानात दोन गोचीड.

निघताना वहिनींनी मुद्दा काढला. कुत्रा खोलीत झोपलाच नाही, तर त्याचा आकार कशाला? काकांना पटलं. त्यांनी ती ओळ खोडली, पेन दोनदा हातावर आपटून चालू केलं आणि खाली नवीन ओळ लिहिली : मोती, रात्रभर सोबत, दोनशे रुपये.