बोराची आंबील

माझा पुतण्या अमेरिकेत, विस्कॉन्सिनला असतो आणि फावल्या वेळात तळघरात बीअर करतो. गेल्या येळवशीच्या सणाला तो लातूर जिल्ह्यात, निलंग्याला आमच्याकडं आला तेव्हा हे उघडकीला आलं. दोन मिनिटं घरात कुणी बोललं नाही. आपल्याकडं 'घरी गाळतो' म्हटलं, की पुढचा शब्द 'धाड' असतो. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली वाढलेली माणसं आपण; इथं प्यायलासुद्धा परवाना लागतो, एक दिवसाचा नाहीतर तहहयात. तिकडं म्हणे 1978 सालीच जिमी कार्टर यांनी घरच्या बीअरच्या कायद्यावर सही करून टाकली. घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर करा आणि प्या. विकायची तेवढी नाही.

"त्यात मी आंबा घालतो, काका," तो म्हणाला.

पहिल्या खेपेला त्यानं आमरसाचा डबा सुरुवातीलाच ओतला होता. पहिले चार-पाच दिवस यीस्ट नुसतं उधळलेलं असतं, भसाभसा वायू सोडतं आणि त्या वायूबरोबर आंब्याचा वासही निघून जातो. घरभर आंबा दरवळला, ग्लासात नुसती बीअर. दुसऱ्या खेपेला तो शहाणा झाला. पहिला जोर ओसरल्यावर त्यानं रस घातला, पण दम न धरता लगेच बाटल्या भरून बुचं ठोकली. रसातली साखर बाटलीत आंबत राहिली आणि रात्री दोन वाजता तळघरात दिवाळी झाली. तिसऱ्या खेपेला जमलं. पण जमलं म्हणजे काय? फळातली गोडी सगळी यीस्ट खातं. आपल्या वाट्याला येतो वास आणि आंबटपणा. बेल्जियममध्ये आंबट चेरी घालून महिनोन्‌महिने पिंपात मुरवलेली 'क्रीक' नावाची बीअर असते, तिचीही तीच तऱ्हा. म्हणजे आमरस समजून तोंडाला लावणारा माणूस फसलाच.

बाटल्या धुण्या-विसळण्यात किती पाणी जातं, तेही त्यानं सांगितलं. ते मात्र सांगायला नको होतं. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं आम्ही पाहिलंय. माझी बायको उठून आत गेली.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. कर्नाटकाच्या शिवेला लागलेल्या आमच्या भागात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, चुन्यानं रंगवलेले दगडांचे पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे आणि बिंदगीतली, म्हणजे छोट्या घागरीतली आंबील. ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबवायचं, मग शिजवायचं, लसूण-जिऱ्याचं वाटण आणि मीठ. पुतण्या पातेल्यावरचं झाकण काढून वास घेत म्हणाला, "काका, ही तर बीअरची बहीण आहे!" दक्षिण आफ्रिकेत मोड आलेल्या ज्वारीची आणि मक्याची घरगुती बीअर करतात, तिला उमकोंबोथी म्हणतात, हेही त्यानं ऐकवलं. बहीण असेलही, पण सोवळ्यातली.

तो गप्प बसणारा नव्हताच. येळवशीच्या दोन दिवस आधी त्यानं आपल्यापुरती वेगळी आंबील करवून घेतली, गार झाल्यावर त्यात ताजं ताक घातलं, बांधावरची बोरं ठेचून सालीसकट टाकली आणि सगळं कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून, बूच गच्च लावून चुलीशेजारी ठेवलं.

आई बघत होती. "काय करायलास रे? आंबील हाय का शिकरण?"

"प्रयोग आहे, आजी."

सणाच्या दिवशी आंबीलीची बिंदगी रिवाजाप्रमाणे बायकोच्या डोक्यावर निघाली आणि प्रयोग माझ्या मोटारसायकलच्या हँडलला, पिशवीत. निलंग्याबाहेरचा रस्ता कसा आहे ते मी लिहीत नाही. शेताच्या वळणावर शेवटचा खड्डा आला, पिशवीतून फट्ट असा आवाज झाला आणि माझा पांढरा सदरा गळ्यापासून खिशापर्यंत आंबील झाला. चष्म्यावर बोराची साल. मागं बसलेला पुतण्या माझी विचारपूस न करता म्हणाला, "कार्बोनेशन मस्त झालंय!"

बाटलीच्या तळाला घोटभर उरली होती. कोपीपाशी आईनं ती तळहातावर घेतली, वास घेतला, जीभ लावली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"वास बोराचा हाय," ती म्हणाली. "गोडी कुठं गेली?"

"यीस्टनं खाल्ली, आजी."

"कोण हाय ते?"

"डोळ्याला दिसत नाही असा जीव असतो."

"खाऊ दे की मग. येळवशीला आलेलं उपाशी कशाला जाईल?" असं म्हणून तिनं हात पदराला पुसला आणि बांधावरून चाललेल्या कुणा अनोळखी दोघांना जेवायला हाक मारली.