श्रीयुत एकाहत्तरावे यांस जाहीर पत्र

प्रति,
श्रीयुत एकाहत्तरावे,
मु. पो. आगाशी, ता. वसई, जि. पालघर.

सा. न. वि. वि.

पत्त्यात घर क्रमांक नाही, कारण आपण नेमके कोण हे गावात कोणालाच ठाऊक नाही. खुद्द आपल्यालाही नाही. आपला जन्म आकडेमोडीतला. कॉक्रेन या अभ्याससंस्थेने 2018 मध्ये फ्लूच्या लसीच्या चाचण्या एकत्र तपासल्या आणि हिशेब मांडला: धडधाकट प्रौढांपैकी लस न घेणाऱ्या शंभरांत 2.3 जणांना त्या हंगामात फ्लू होतो, घेणाऱ्या शंभरांत 0.9 जणांना. म्हणजे एकाचा फ्लू टळायला एकाहत्तर जणांनी बाही वर करायची. सत्तर जणांची सुई वाया गेली, एकाहत्तरावे आपण. अभिनंदन!

अडचण एवढीच, की आपण वाचलात हे आपल्याला कधी कळणार नाही. न आलेल्या तापाचा दाखला कोणता डॉक्टर देणार? उलट दंड दोन दिवस ठणकला, हे मात्र आपण गावच्या चाळपेठेत भेटेल त्याला सांगत सुटाल. आणि पुढे पावसाळ्यात दुसऱ्याच कुठल्या विषाणूने नाक गळू लागले, की 'लस घेतली तरी झालंच ना' म्हणायला आपणच पुढे. सर्दी-पडशाचे विषाणू ढीगभर असतात आणि ही लस त्यांतल्या फक्त इन्फ्लुएन्झाच्या मागे लागते, हा खुलासा ऐकायला तोवर कोणी थांबलेले नसते.

आपल्या नावाने सध्या दोन पक्ष भांडतात. 'अख्ख्या गावाला टोचा' हा पहिला. त्याचा साक्षीदार जपान. तिथे 1962 पासून शाळकरी मुलांना सरसकट फ्लूची लस देत. 1987 मध्ये सक्ती उठली, लस घेणारी मुले घटली, आणि पुढे 2001 च्या एका अभ्यासात दिसले, की मुलांना टोचत होते त्या काळात म्हातारी माणसे कमी दगावत होती. लस नातवाला, आयुष्य आजीला. दुसरा पक्ष म्हणतो, हा सगळा कंपन्यांचा धंदा. त्याचा साक्षीदार 1976 ची अमेरिका. स्वाइन फ्लूच्या धास्तीने तिथे चार कोटींहून अधिक लोकांना घाईघाईने टोचले. साथ आलीच नाही, पण लाखामागे साधारण एकाला गिलियन-बारे हा नसांचा आजार जडला. डिसेंबरात मोहीम गुंडाळावी लागली. दोन्ही साक्षीदार खरे बोलतात, म्हणून भांडण मिटत नाही.

आगाशीला मात्र इतक्या लांब जायचे कारण नाही. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी 3 ऑगस्ट 2009 रोजी पुण्यात गेला. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, मुंबईत चित्रपटगृहे बंद झाली, दहीहंड्या रद्द झाल्या, आणि घराघरांत रुमालात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या बांधल्या गेल्या. त्या वेळी लस मिळती तर लोकांनी दारे मोडली असती. 2010 मध्ये ती आली, पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची काढली. पण तोवर भीती ओसरली होती. पुढे 2015 मध्ये राज्यात या आजाराने सुमारे नऊशे माणसे गेली, 2017 मध्ये पुन्हा साडेसातशेहून जास्त. त्या वर्षांत कापूर फारसा कोणाला आठवला नाही, आणि लसही.

आता आपल्यापुरता हिशेब, एकाहत्तरावे. खासगी दवाखान्यात ही लस दीड-दोन हजारांना पडते. दीड हजार धरले तरी आपला एक ताप टाळायला लाखाच्या वर रुपये होतात. धडधाकट माणसाचा फ्लू म्हणजे बहुधा पाच-सात दिवस अंथरूण, पेज आणि सुंठेचा काढा. सरकारने एवढ्यासाठी सरसकट सगळ्या गावाला टोचावे, हे काही पटत नाही.

पण आपल्या घरात आपण एकटे नाही. आपण सकाळी विरार लोकलला लटकता, डब्यातली शिंक संध्याकाळी घरी आणता. घरी पासष्टी ओलांडलेली आई आहे; त्या वयात कॉक्रेनचाच आकडा एकाहत्तरवरून तीसवर येतो (पुरावा तितका भक्कम नाही, हेही त्यांनीच बजावले आहे). वडिलांना मधुमेह. सूनबाईंना सातवा महिना. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही, त्याला जे काही संरक्षण मिळते ते मुख्यतः आईने घेतलेल्या लसीतून.

गंमत अशी, की महाराष्ट्र सरकारने 2015 पासून नेमक्या अशाच माणसांसाठी ही लस ऐच्छिक आणि मोफत ठेवली आहे: गरोदर स्त्रिया, मधुमेहाचे व रक्तदाबाचे रुग्ण, आरोग्य कर्मचारी. केंद्राच्या लसीकरण कार्यक्रमात ती नाही. आपल्या राज्याने स्वतःहून दिली. आणि दोन्ही पक्ष कशावर भांडतात? तर एकाहत्तराव्या धडधाकट माणसावर.

तेव्हा विनंती विशेष ती ही, की आपला डोस आपण खुशाल सोडावा, वादही खुशाल चालू ठेवावा; मात्र सूनबाईंना आणि वडिलांना घेऊन एप्रिल-मेमध्ये जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे आणि फ्लूची लस आली आहे का, हे विचारावे. नाही म्हणाले तर कधी येणार ते विचारावे. ते सांगेपर्यंत उठू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक आगाशीकर

ता. क. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि लसीचा असर चढायला दोन आठवडे लागतात. गेल्या वर्षीची लस यंदा चालत नाही.