उजव्या हाताला तळं

"काकडं मिळाली का गं तुला?"

कुंपणापलीकडून काकूंनी विचारलं तेव्हाच मी ओळखलं, की विचारणं काकडांचं असलं तरी सांगायचं दुसरंच आहे. पहिला पाऊस पडून गेला होता, ठाकरवाडीच्या बाया मोहोपाड्याच्या बाजारात शेवळं घेऊन बसल्या होत्या आणि आम्ही दोघींनीही जुड्या आणल्या होत्या. शेवळांत काकडं घातली नाहीत तर घसा खाजतो. पोटात बातमी राहिली तर काकूंचाही.

मी मूठभर काकडं तारेवरून दिली आणि माझी परात घेऊन इकडच्या पायरीवर बसले.

"आमची सून तळ्याला प्रदक्षिणा घालून आली," काकू म्हणाल्या.

"कुठल्या देवळाच्या?"

"देऊळ कसलं! तिकडे स्वीडनला. सायकलवरून. ३१५ किलोमीटर, एका दमात."

माझी विळी थांबली. इथून पुण्याला जायचं, परत यायचं आणि पुन्हा पुण्याला जायचं, जवळजवळ तेवढं झालं.

"व्हेटर्न नावाचं तळं आहे म्हणे," काकू सांगू लागल्या. "तळं कसलं, समुद्रच. तिथलं दुसऱ्या नंबरचं मोठं. मोटाला गावातून निघायचं, सगळ्या तळ्याला वळसा घालायचा आणि मोटालालाच परत. १९६६ पासून दर जूनमध्ये. शुक्रवारी संध्याकाळपासून थोडे थोडे करून सोडतात, ते पार शनिवारी सकाळपर्यंत. ही रात्री निघाली."

"रात्री? एकटी?"

"हजारो माणसं असतात गं. आणि जूनमध्ये तिकडे रात्र धड काळी होतच नाही. पण तू विचारलंस ना, तसंच माझ्या जावेनं विचारलं. बरं, विचारून गप्प बसावं की नाही? म्हणाली, बाई रात्रभर सायकलवर आणि पोराला कोण बघतं? म्हटलं, त्याचा बाप बघतो. तर म्हणे, हो का, बरंय बाई." हे 'बरंय बाई' काकूंनी अशा काही सुरात म्हटलं, की जाऊबाई त्या तारेवर येऊन बसल्यासारख्या दिसल्या.

"खाण्यापिण्याचं काय?"

"ते मी पहिलं विचारलं. वाटेत ठिकठिकाणी मांडलेलं असतं. पाव, काकडीचं लोणचं आणि ब्लूबेरीचं गरम सार. आपण कोकमाचं करतो ना, तसं. मी इथून मेतकूट आणि कडवे वाल बांधून दिलेत, आणि ही पहाटे तीन वाजता रस्त्यात उभी राहून जांभळं सार पिते! एक ग्रेना गाव लागतं. तिथं लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पेपरमिंटच्या कांड्या करतात. १८५९ पासून. एका विधवा बाईनं पोटासाठी सुरू केलं, आता गावभर तीच दुकानं."

"म्हणजे त्यांचं लोणावळा."

"अगदी! चिक्कीच ती त्यांची."

लोणावळा म्हटल्यावर आमची गाडी घाटात शिरणारच. मुंबई-पुणे सायकल शर्यत असली की कॉलनीतून आम्ही दांड फाट्यावर जायचो. दोन तास उन्हात ताटकळायचं, 'आले आले' म्हणेपर्यंत रंगीत घोळका सर्रकन पुढे, आणि मग 'पहिला कोण होता' यावर घरी येईपर्यंत वाद. कुणालाच दिसलेला नसायचा. एक्स्प्रेसवेवर सायकलला मज्जाव, त्यामुळे शर्यत आपल्या जुन्या रस्त्यानं, चौक, खालापूर करत खोपोलीला. खरी गंमत त्याच्या पुढे. बोरघाट जो सगळ्यांत आधी चढेल तो 'घाटाचा राजा'. पुण्यात पहिला कोण आला हे लोक विसरतील, घाटाचा राजा नाही विसरत.

"शिंग्रोबाच्या देवळापाशी दम निघतो," काकू म्हणाल्या. "तिथं बसून मारलेलं पायडल कामाचं नाही. उभं राहून अंगाचा भार टाकावा लागतो, एकदा या पायावर, एकदा त्या."

"तुम्हाला बरं माहीत?"

"ऐकलंय," म्हणत त्यांनी एक शेवळ उचललं, वरचं पान सोललं आणि आतला पिवळा भाग काढून टाकला. "तर मी सुनेला विचारलं, तुमच्याकडे राजा कोण झाला? तर म्हणाली, आई, तिथं नंबरच नसतो. वेळ मोजतात, पण पहिला-दुसरा काढत नाहीत. जो पोचेल त्याला पदक."

"सगळ्यांना सारखंच?"

"सगळ्यांना. झालं! आता कॉलनीत कुणाला सांगायची सोय नाही. जो तो विचारतो, कितवा नंबर आला? दूधवाल्यानं विचारलं. जावेनं तर दोनदा विचारलं. नंबर नव्हता म्हटलं की लोकांना वाटतं, शेवटचा आला असेल, काकू लपवतायत."

मला हसू आवरेना. पण काकू गंभीर होत्या. "मी काल नकाशा काढून बघितला. मोटालाहून खाली दक्षिणेला जातात आणि पलीकडच्या काठानं वर येतात. म्हणजे तळं सगळा वेळ कुठल्या हाताला?"

मी हवेत बोट फिरवून पाहिलं. "उजव्या."

"मग? खरी प्रदक्षिणाच झाली की नाही? देवळात कुणी विचारतं का, प्रदक्षिणेत कितवा नंबर आला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या कुंपणाला टेकून काकांची जुनी सायकल उभी असते. काका एचओसीच्या कारखान्यात होते. भोंगा झाला की फाटकातून सायकलींची रांग निघायची, ती कॉलनीभर पसरायची. २०१७ साली इथलं युनिट बंद करायचं ठरलं. भोंगा गेला, काकाही गेले. सायकलवर आता दुधीचा वेल चढलाय. काकू पडवळाला मांडव करतात, दुधीला मात्र सायकलच देतात.

"ती सुनेची सायकल म्हणे कापसासारखी हलकी," मी म्हटलं. "ही काकांची तर चांगलीच जड असेल."

"जड? स्टँडवरून काढतानाच कंबर धरायची," काकू म्हणाल्या आणि गप्प झाल्या. काकू गप्प बसल्या की मी विळी खाली ठेवते.

"हे रात्रपाळी करून यायचे आणि दुपारी गाढ झोपायचे," त्या हळूच म्हणाल्या. "पोरं शाळेत. कॉलनी सामसूम. मी सायकल काढायची नि मैदानाला चकरा मारायच्या. आधी नळीतून पाय घालून, मग सीटवर. दोन उन्हाळे. साडी चेनमध्ये गेली तर ती मी उंदरानं कुरतडली म्हणून सांगितली."

"काकांना कळलंच नाही?"

"सीट खाली-वर झालेली त्यांना दिसायची. एकदा म्हणाले, चेनला तेल घातलंय. बस, तेवढंच."

दुधीच्या वेलाकडे आम्ही दोघीही बघत राहिलो. मग शेवटी मलाही राहवलं नाही.

"मैदान कुठल्या हाताला ठेवायच्या?"

काकूंनी डोळे मिटून बोट फिरवलं, अगदी मी मघाशी फिरवलं होतं तसं.

"डाव्या," त्या म्हणाल्या. "उजवीकडे वळायला मला आलंच नाही कधी." आणि परात उचलून आत जाता जाता दारातून म्हणाल्या, "जावेला सांगू नकोस. नंबर विचारेल."