क्रीडादिन कसा उरकावा : नवख्या पी.टी. सरांसाठी

रुजू होऊन आठवडा झाला नसेल तोच मुख्याध्यापक म्हणाले असतील, "यंदाचा क्रीडादिन तुमच्याकडे." घाबरू नका. मी बावीस वर्षं तो उरकत आलोय.

आधी तारीख. 29 ऑगस्ट, म्हणजे मेजर ध्यानचंदांचा जन्मदिवस, हा राष्ट्रीय क्रीडादिन. पण तेव्हा मैदानात घोटाभर चिखल असतो, म्हणून फोटोला हार घालून भागवावं. 15 जानेवारी, खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, हा राज्य क्रीडादिन. त्या सुमाराला शाळा सराव परीक्षांत बुडालेली असते. तेव्हा डिसेंबर, स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी. मांडव एकाच भाड्यात होतो.

मग मैदान. 2009च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. ते कुठे आहे हे शोधायचं असेल तर सरांच्या गाड्या हलवायला सांगा, त्यांच्याखाली सापडेल.

आखणी मात्र स्वतः करावी. खुंट्या ठोकून सुतळी ताणायची, पत्र्याच्या डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडायची, आत फक्की भरायची आणि डबा हलवत सुतळीवरून सरळ चालत जायचं. सकाळी सातपर्यंत सहा पट्टे नीट उमटतात. तेवढ्यात फाटक उघडतं आणि पाचवीचा अख्खा वर्ग दप्तरांसकट त्यावरून बोंबलत पळत जातो. ओरडू नका, पुन्हा आखा. दिवसभरात एवढी मुलं एकदम पळतात ती तेवढीच.

आता वेळेचा हिशोब. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दमछाक होईल असं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे 50 मीटरची धाव असते. चौथीतलं मूल ती बारा सेकंदांत संपवतं आणि पहिल्याच फेरीत बाद होतं. उरलेली 59 मिनिटं 48 सेकंद त्याने सतरंजीवर बसून टाळ्या वाजवायच्या. संचलन, क्रीडाज्योत, शाल-श्रीफळ, अहवालवाचन आणि पाहुण्यांचं "आमच्या वेळी..." हे सगळं त्यातच बसवावं.

खेळांची निवड जपून करावी. संगीत खुर्ची उत्तम. जो सगळ्यात हळू, ज्याला पळण्याची गरज सगळ्यात जास्त, तो पहिल्या मिनिटात बाहेर. लिंबू-चमचाही चांगला, त्यात पळणाऱ्याचं लिंबू पडतं. खो-खो मात्र शक्यतो टाळा. 2025च्या जानेवारीत दिल्लीला झालेला पहिला विश्वचषक आपल्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ही माहिती पाहुण्यांच्या भाषणासाठी ठेवा. प्रत्यक्ष खेळात अडचण अशी, की उकिडव्या बसलेल्या पोराच्या पाठीत खो बसला की त्याला उठून धावावंच लागतं. कोणी निवांत बसत नाही. शिवाय खर्च दोन खांबांचा. खर्चच नाही, तर मंजुरी कशाची घेणार?

भाषण रंगात आलं की मांडवाच्या मागे एक चक्कर मारा. तिथे काहीतरी हमखास चाललेलं असतं. गेल्या वर्षी लंगडी होती. आठवीच्या मुलींनी दुसरीतल्या एका पिटुकल्याला कच्चं लिंबू म्हणून घेतलं होतं. तो कितीदाही बाद झाला तरी बाद नव्हता. चेस्ट नंबर उलटा, एक मोजा घोट्यावर, आणि तो एका पायावर उड्या मारत मोठ्यांच्या मागे लागलेला. आपल्या नियमावलीत असा खेळाडू कुठेच नाही. मी शिट्टी तोंडाला लावली होती. का कोण जाणे, वाजवली नाही. तुम्ही वाजवा, नोकरी नवी आहे.

बक्षिसं झाली, वंदे मातरम् झालं, की पोत्यांच्या शर्यतीची पोती मोजून ताब्यात घ्या. माझ्याकडे दर वर्षी दोन-तीन कमी भरतात. शाळेमागच्या गल्लीत अंधार पडेपर्यंत त्यांचीच शर्यत चालू असते.