कोपराशास्त्री

पुण्यात क्रिकेटवर बोलायला पात्रता लागत नाही. कबड्डीवर बोलायला लागते, आणि ती कोणाकडे आहे हे कोपराशास्त्री ठरवतात. पेठेगणिक एखादा सापडतोच. साठीच्या आसपासचे, गुडघ्याला पट्टा, उजव्या हाताचं एक बोट कायमचं वाकडं. ते बोट कोणाच्या घोट्यात अडकून वाकलं हे विचारू नये. गोष्ट संपेपर्यंत दुसरा चहा येतो आणि दोन्हीचे पैसे तुम्ही देता.

माणूस खेळतो कसा हे नंतर, आधी तो उभा कुठे आहे ते सांगा, हा त्यांचा खाक्या. टोकाला दोन कोपरारक्षक, त्यांच्या शेजारी चढाईवाले लपवायच्या जागा, मग दोन कव्हर आणि मधोमध एक. चढाईपटू बोनसला पाय टाकतो तेव्हा कोपऱ्याने घोटा धरायचा आणि मगच कव्हरने अंगावर जायचं. "कव्हर आधी हलला की गल्ली उघडली! गेला तो!" हे बोलताना शास्त्रीबुवा अमृततुल्यच्या बाकावरून असे झेपावतात, की शेजाऱ्याने बशी उचलून धरावी.

आपले तीनच गडी उरले की बाकीच्यांचा जीव खाली-वर होतो. यांचा चेहरा उजळतो. आता अव्वल पकड, जादा गुण!

त्यांचा भाचा चढाईवाला. "मामा, गुण चढाईनेच येतात."

"येतात ना. पण परत आल्यावर तू उभा कुठे राहणार? तिथे तुझ्यावरच चढाई होते, बाळा."

१ मार्च २०२४ ला हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली. पंकज मोहितेच्या एकाच चढाईत चार गुण आले. कट्ट्यावर पेढे वाटले गेले. शास्त्रीबुवांनी पेढा घेतला, पण चेहरा गंभीर. "चौघं एकदम बाद होतात म्हणजे उभे होते कुठे?" पुणं जिंकलं त्या रात्री हरियाणाच्या बचावाची काळजी करणारा हा सबंध शहरातला एकमेव माणूस असावा. हां, त्याच हंगामाच्या लिलावात इराणच्या शादलुईवर पलटणने २.३५ कोटी ओतले, ते मात्र त्यांना पटलं होतं. बचावपटूवर खर्च झाला ना! एरवी रिक्षाच्या मीटरवरून पाच रुपयांसाठी भांडणारा माणूस.

उत्तर इंग्लंडात आणि सिडनीत रग्बी लीगवाले तेरा जणांच्या जागांवरून असेच हमरीतुमरीवर येतात. तिथे एका संघाला सहा वेळा पकडेपर्यंत चेंडू हातात ठेवता येतो, हे भाच्याने सांगितलं.

"सहा वेळा?" शास्त्रीबुवा थक्क. "एकदा धरला की संपलं पाहिजे. याला काय पकड म्हणायचं? ही तर गाठभेट!"

घरी मात्र त्यांच्या व्यूहरचनेला भाव नाही. स्वयंपाकघराच्या दारात ते डाव्या कोपऱ्यात उभे असतात आणि काकू हातात गरम कढई घेऊन समोरून येतात.

"अहो, फोडणी जळतेय, सरका तरी!"

"मी जागेवरच आहे. तू उजवीकडून ये."